होळीची पोर आणि तारखेचा घोळ

(सहाय्यकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मी तुम्हांला सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या कामाची प्रगती सांगते. आज एक चूक सांगणार आहे. ती माझ्याच हातून झाली.

आपल्या सेविका पाड्यांवर जाऊन लहान मुलांची वजने घेतात आणि वहीत लिहितात. पूर्वी प्रत्येक मुलाचे वय आम्ही बोटांवर मोजून काढत असू. मग वहीतली माहिती गूगल शीटमध्ये भरली आणि मी शिकत शिकत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती जन्मतारखेवरून वय काढायची, वजन तक्त्याशी ताडून पाहायची आणि धोक्यातल्या मुलांची यादी द्यायची. दोन दिवसांचे काम दोन मिनिटांत होऊ लागले. मला फार आनंद झाला.

सप्टेंबर २०२४ मध्ये एका पाड्यावर मी एका आईला म्हटले, "बाई, मुलगी आता वर्षाची झाली. वजन सात किलो शंभर ग्रॅम, ठीक आहे." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "ताई, ही होळीची पोर. तिच्यानंतर आणखी एक होळी होऊन गेली. वर्षाची कशी?"

मी वही उघडली. सेविकेने बरोबर लिहिले होते : ०९/०३/२०२३, म्हणजे ९ मार्च. पण आमच्या शीटची देशाची सेटिंग अमेरिकेची राहिली होती. तिथे महिना आधी लिहितात. शीटने ती तारीख ३ सप्टेंबर धरली आणि मूल सहा महिन्यांनी लहान झाले.

सहा महिन्यांनी काय बिघडते? जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात बारा महिन्यांच्या मुलीचे वजन ७ किलोपर्यंत चालते. अठरा महिन्यांच्या मुलीचे वजन ७.२ किलोच्या खाली गेले, तर ते तीव्र कमी वजन. म्हणजे ज्या मुलीला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायला हवे होते, तिच्या नावापुढे आमच्या यादीत हिरवा रंग होता. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा असतो. त्या यादीतही तिचे नाव नव्हते.

हा घोळ कसा होतो, ते समजून घ्या. शीट तारखेला आतून एक आकडा म्हणून साठवते. ९ मार्च २०२३ चा आकडा ४४,९९४. ३ सप्टेंबरचा ४५,१७२. एकदा चुकीचा आकडा आत गेला, की स्क्रिप्टला तो खराच वाटतो. २४/०३ लिहिले तर चोविसावा महिना नसल्यामुळे शीट त्याला तारीख मानत नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटवून ठेवते. ती चूक डोळ्यांना दिसते. पण वर्षातल्या १३२ तारखा अशा आहेत, की दिवस आणि महिना गुपचूप अदलाबदल होतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. आमच्या डावीकडच्या तारखा आम्ही दुरुस्त केल्या होत्या. उजवीकडच्या नीटनेटक्या तारखांवर विश्वास ठेवला.

सेटिंग बदलून भारताची केली, पण आधी शिरलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत. सरसकट उलटवूनही चालत नाही, कारण काही नोंदी दुसऱ्या संगणकावर बरोबर भरल्या गेल्या होत्या. शेवटी सगळ्या वह्या काढल्या आणि एकीने वाचायचे, दुसरीने पडद्यावर पाहायचे, असे करत प्रत्येक मूल पुन्हा तपासले.

आता आमचे नियम साधे आहेत. वहीत महिना अक्षरांत लिहायचा : ९ मार्च २०२३. शीटमध्ये दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन वेगळे रकाने. स्क्रिप्ट त्या तिघांपासून तारीख बनवते, तिला अंदाज करू देत नाही. त्या भाषेत महिने शून्यापासून मोजतात, मार्च म्हणजे २. म्हणून महिन्यातून एक वजा करावा लागतो. शीट आणि स्क्रिप्ट या दोन्हींची वेळ भारताची ठेवायची, नाहीतर तारीख एक दिवस मागे सरकू शकते. दुसऱ्या कोणाला यादी पाठवताना वर्ष आधी लिहायचे : २०२३-०३-०९. ही पद्धत जगभर एकाच अर्थाने वाचली जाते.

आणि शेवटचा नियम त्या आईने शिकवला. संगणकाने काढलेले वय घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. होळी, पेरणी, पहिला पाऊस यांवरून ती माणसे वय अचूक सांगतात.

शंभरातले एक मेंढरू हरवल्याचे मेंढपाळाला कळले, कारण त्याची मोजणी बरोबर होती. आमच्या यादीत शंभरच्या शंभर दिसत होती आणि तरी एक हरवले होते. ती मुलगी त्याच आठवड्यात दवाखान्यात गेली. आज ती अंगणात धावते, हे सांगताना मला प्रभूचे उपकार मानावेसे वाटतात.

तुमच्या देणगीतून धान्य येते, औषधे येतात. ती योग्य मुलापर्यंत पोहोचण्यासाठी नोंदही खरी असावी लागते. आपल्या मंडळीतल्या ज्या तरुणांना संगणक येतो, त्यांनी महिन्यातला एक शनिवार आम्हांला द्यावा. वही वाचायला एक, पडद्याकडे पाहायला एक, एवढेच काम आहे.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.