शिक्षक दांपत्य आणि परदेशातील नोकरी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



आपल्या कोकणातील घरांना परदेश नवा नाही. आपले वाडवडील जहाजांवर खलाशी म्हणून गेले, कोणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुकाने थाटली. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांची वाट खुली झाली. तेव्हापासून पुष्कळ घरांचा एकच क्रम झाला : कर्ता पुरुष तिकडे, बायकामुले इकडे, आणि वर्षा-दोन वर्षांनी महिन्याभराची भेट. घरे पक्की झाली, परंतु मुले बापाच्या सहवासाला मुकली. हा विरह हौसेचा नव्हता. ठराविक पगाराखालच्या माणसाला कुटुंब नेण्याची परवानगीच मिळत नाही, हे त्याचे मोठे कारण आहे.

पतिपत्नी दोघेही इंग्रजीचे प्रशिक्षित शिक्षक असतील, तर हा विरह टाळता येतो. आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, जावयाचे तर दोघांनी आपापल्या पदवीवर आणि आपापल्या करारावर जावे. एकाने नोकरदार आणि दुसऱ्याने त्याचे सामान म्हणून जाऊ नये.

अशी दांपत्ये पूर्वीही गेली आहेत. सम्राट हेले सेलासी यांच्या कारकीर्दीत इथिओपियातील शाळांतून भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते, आणि त्यांत केरळची जोडपी पुष्कळ होती. आखातातील भारतीय शाळाही आता जुन्या झाल्या. बहारीनची इंडियन स्कूल १९५० ची, दुबईची इंडियन हायस्कूल १९६१ ची, मस्कतची १९७५ ची. अशा शाळांतून भारतीय अभ्यासक्रम चालतो आणि आपली बी.एड. पदवी तेथे ओळखीची असते. मालदीवमध्येही भारतीय शिक्षक पुष्कळ आहेत. मात्र तेथे दोघांची नेमणूक एकाच बेटावर आहे ना, हे आधी लेखी घ्यावे. उलट, दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे, आणि पूर्वेकडील इतर काही देशांचा कलही तसाच आहे. ज्ञान कितीही असो, तेथे आपला पासपोर्ट आडवा येतो. म्हणून जेथे आपल्या पदवीला मान आहे, तेथेच आधी अर्ज करावा. इंग्रजी विषयातील पदवी, बी.एड. आणि दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव ही शिदोरी दोघांचीही असावी.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण बहुतेक दांपत्ये तेथेच अडतात.

आपल्याकडे काझीसाहेब निकाहनामा देतात आणि आपण तो जपून ठेवतो. शरीयतच्या दृष्टीने निकाह पूर्ण झाला. परंतु परदेशच्या कचेरीला सरकारी नोंदणीचा दाखला लागतो. माझ्या परिचयाच्या एका शिक्षक दांपत्याला नेमणूक मिळाली, पण लग्नाला सहा वर्षे होऊनही नोंदणी झालेली नव्हती. शाळा जूनपर्यंत थांबली नाही. पती एकटे गेले, पत्नी दोन मुलांसह वर्षभर मागे राहिल्या. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले. तेव्हा पालकहो, वलीमा आटोपला की त्याच महिन्यात नोंदणी उरकून टाका.

दुसरी अडचण नावाची. पदवीवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, असे झाले की दोन बायका आहेत की एक, असा प्रश्न पलीकडच्या कारकुनाला पडतो! लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. पदवीवरचेच नाव पासपोर्टवर ठेवावे आणि पतीचे नाव त्याच्या रकान्यात घालावे.

तिसरी गोष्ट शिक्क्यांची. पदव्या आणि विवाहाचा दाखला आधी राज्य शासनाकडून व नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करावे लागतात. ओमान, बहारीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया या देशांत ॲपोस्टिल चालते. अमिराती, कुवेत व कतार यांच्यासाठी त्या त्या वकिलातीचा शिक्का लागतो. यात कित्येक आठवडे जातात. नेमणूक आल्यावर धावपळ करण्यापेक्षा अर्ज करतानाच हे काम सुरू करावे.

व्हिसाचे दोन मार्ग आहेत. दोघांचा स्वतंत्र नोकरीचा व्हिसा, किंवा एकाचा नोकरीचा आणि दुसऱ्याचा आश्रिताचा. अमिरातीत चार हजार दिरहम पगार, अथवा तीन हजार आणि राहण्याची जागा असली, तर कुटुंब नेता येते. २०१९ पासून पत्नीलाही हाच नियम लागू आहे. आश्रित व्यक्तीला कामाचा वेगळा परवाना काढून नोकरी करता येते. परंतु एकाची नोकरी सुटली की आश्रिताचे वास्तव्यही धोक्यात येते. सौदी अरेबियात प्रत्येक आश्रितामागे कर आहे. २०१७ मध्ये तो महिना शंभर रियाल होता, २०२० मध्ये चारशे झाला. दोन मुलांच्या घराने हा हिशेब आधी मांडावा.

करारावर सही करण्यापूर्वी तो दोघांनी मिळून वाचावा. घरभाडे दोघांना की एकालाच? मुलांच्या फीमध्ये सवलत किती मुलांना? विमानाचे तिकीट कोणाकोणाला? मूळ वेतन किती आणि भत्ते किती? अमिरातीत पहिल्या पाच वर्षांची ग्रॅच्युइटी दर वर्षाला एकवीस दिवसांच्या मूळ वेतनाप्रमाणे मिळते. मूळ वेतन कमी दाखवले की शेवटची रक्कमही कमी होते. दोघे एकाच शाळेत असली तर जाणे-येणे सोयीचे, पण शाळा अडचणीत आली तर दोन्ही पगार एकदम थांबतात. शक्य तर शाळा दोन असाव्यात.

एजंटाविषयी एकच सांगतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. "आधी भेटीच्या व्हिसावर या, नोकरीचे कागद मागाहून करू" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. त्या व्हिसावर काम करणे हा तेथे गुन्हा आहे, आणि दंड शिक्षकाला भोगावा लागतो.

पालकांनो, हे सारे एका अटीवर अवलंबून आहे. मुलगीही पदवी घेऊन, बी.एड. होऊन घराबाहेर पडलेली असली पाहिजे. स्थळ चांगले आले म्हणून तिचे शेवटचे वर्ष सोडवू नका. जावयाच्या पगाराची चौकशी आपण करतो, तशीच मुलीच्या पदवीची काळजी करू या. तिची पदवी पुरी झाली, तर उद्या तिचा नवरा परदेशी निघेल तेव्हा ती बंदरावर रुमाल हलवीत उभी राहणार नाही. मुलांना घेऊन त्याच्या बरोबरीने जाईल.