एका वावरातली दोन पिके



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीवर काहीतरी ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही म्हणालो, 'शेतातली वीज'. ते जरा गोंधळले. परंतु ज्या गावाभोवती उकणी, निलजई, कोलारपिंपरी येथे जमिनीखालचा कोळसा निघतो, तेथे जमिनीवर वीज पिकवण्याची गोष्ट निघाली की ती कामगाराचीच गोष्ट होते.

कोळशासाठी वावर जाते म्हणजे काय होते ते आपणांस सांगावयास नको. १९५७ च्या कायद्याने जमीन घेतली की ती गेली. पुढे मोबदला आणि नोकरी यांसाठी भांडत बसावे लागते. सोलरच्या प्लेटांचे तसे नाही. जमीन मालकाच्या नावावर राहते आणि भाडे मिळते. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, तेव्हा पहिल्या प्रयोगासाठी राळेगणसिद्धीबरोबर आपल्याच जिल्ह्यातील कोळंबीची निवड झाली होती. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात भाडे हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये ठरले, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ. कोरडवाहू पऱ्हाटीवर कर्ज फेडणाऱ्या माणसाला हा आकडा गोड वाटला तर त्याला नावे कोण ठेवील?

योजनेचा हेतूही चांगला आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. रात्रीच्या ओलितासाठी मोटार सुरू करावयास जाणाऱ्याला साप, रानडुक्कर आणि आपल्या भागात वाघ, या सगळ्यांचा विचार करावा लागतो. तेव्हा दिवसाच्या विजेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही.

आमची हरकत दुसरीच आहे. या प्लेटा जमिनीलगत बसवतात. खाली पीक येत नाही आणि औतही जात नाही. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. हे सारे पडीक जमिनीवर होत असेल तर कोणाचे काही जात नाही. परंतु काळ्या कसदार वावरावर झाले तर?

यावर तोड निघालेली आहे आणि ती जुनी आहे. १९८१ साली जर्मनीत गोट्झबर्गर आणि झास्ट्रो या दोघांनी मांडले की प्लेटा उंच उचला, ओळींत अंतर ठेवा आणि खाली बटाटे लावा. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. बऱ्याच पिकांना एका मर्यादेपलीकडच्या उन्हाचा उपयोग होत नाही. ते ऊन फक्त पाणी उडवते. पुढे त्याच देशात हेगेलबाख येथे २०१६ साली पाच मीटर उंचीवर प्लेटा चढवून प्रयोग झाला. २०१७ साली बटाट्याचे उत्पन्न १८ टक्क्यांच्या आसपास घटले. २०१८ चा उन्हाळा कडक गेला, तेव्हा तेच बटाटे उघड्या शेतापेक्षा ११ टक्के जास्त आले. जेथे ऊन मारते तेथे सावली तारते, असा त्याचा अर्थ. वणीच्या मे महिन्यात बसून आम्हांला हे निराळे शिकावे लागले नाही!

मात्र जर्मनीचा बटाटा म्हणजे आपली पऱ्हाटी नव्हे. कापसाला ऊन हवेच. सावलीत पात्या आणि बोंडे गळतात. ज्वारीचेही तसेच, तिला भरपूर ऊन लागते. हळद मात्र थोडी सावली सोसते, आणि वायगावची हळद काही फार दूरची नाही. आले आणि पालेभाज्याही बसतील. आणखी दोन गोष्टी आपल्या भागाच्या. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खांब खोल गाडावे लागतात. दुसरे म्हणजे कोळशाची धूळ. प्लेट काळवंडली की वीज घटते, ती धुवावी लागते. ते पाणी खालच्या पिकाला मिळाले तर एका पाण्यात दोन कामे होतात. खाली हिरवे असले म्हणजे प्लेटही कमी तापते, आणि तापलेल्या प्लेटेची वीज कमी होते हे ठाऊकच आहे.

मग असे उंच खांब दिसत का नाहीत? २०१९ च्या कुसुम योजनेत पिकाच्या जमिनीवर ते उभारण्याची मुभा आहे. परंतु विजेचा भाव निविदेत ठरतो, कमीतकमी दराला. जास्तीचे लोखंड कोण घालील? जपानने २०१३ साली नियम केला : खालचे उत्पन्न त्या भागाच्या सरासरीच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये, आणि दरवर्षी हिशेब द्यावा. आपल्याकडे मुभा आहे, तशी सक्ती हवी असे आमचे मत आहे.

कारण भाडे मिळते ते सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला. बटईने करणारा, सालदार, निंदणाला आणि वेचणीला जाणाऱ्या बाया यांचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसते. निंदणाच्या बायांपुढे आम्ही हा उंच प्लेटांचा विषय काढला, तेव्हा एक बाई म्हणाली, "सावलीत निंदाले भेटलं तं बरंच हाय जी, पन निंदाले काही राहीन काय?" आम्ही तीस वर्षे मागण्यांची निवेदने लिहीत आलो आहोत, पण इतक्या थोडक्यात मागणी आम्हांला कधी मांडता आली नाही.

अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याने कराराचा मसुदा आमच्याकडे वाचावयास आणला. पाने पुष्कळ होती. मालकाचे हक्क होते, कंपनीचे तर होतेच. पिकाचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता. आम्ही त्याला चार ओळी जोडावयास सांगितल्या : बैलजोडी आणि ट्रॅक्टर जाईल इतकी उंची, खांबांतले अंतर, खालची जमीन आज जो कसतो त्यालाच ती कसण्याचा हक्क, आणि धुण्या-राखण्याच्या कामात गावच्याच माणसांना आधी घेणे. त्याने विचारले, "आणि कंपनी नाही म्हणाली तर?" आम्ही म्हणालो, एकट्याला नाही म्हणेल, शिवारातले दहा जण हेच कलम घेऊन गेले तर तिला बसून बोलावे लागेल.

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. सही अजून केलेली नाही. बाकीच्या नऊ जणांकडे तो जाऊन आला आहे. दोघांनी होकार दिला आहे.