सिम्युलेटरमध्ये पास झालात, पण कानाचं काय?

आज आपण पायलटच्या एका परीक्षेबद्दल बोलूया. मी स्वतः पायलट नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण 'टेस्ट कुठे करायची, खऱ्या सिस्टिमवर की नकली?' हा आमचा रोजचाच प्रश्न.

ढगात शिरल्यावर बाहेरचं काहीच दिसत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते, तिला सावकाश घेतलेलं वळण कळतच नाही. विमान कललेलं असतं आणि शरीर म्हणतं, 'सरळ तर आहे की!' अशा वेळी शरीराचं न ऐकता समोरच्या उपकरणांवर विमान चालवायचं, त्याची परवानगी म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग.

अमेरिकेत हे रेटिंग मिळालं म्हणजे झालं, असं नसतं. मागच्या 6 महिन्यांत उपकरणांवर 6 अप्रोच, होल्डिंग आणि ठरलेला मार्ग पकडून त्यावर राहणं, एवढं केलेलं असावं लागतं. नसेल तर पायलट-इन-कमांड म्हणून ढगात जायचं नाही. सराव भरून काढायला आणखी 6 महिने मिळतात. तेही गेले, तर प्रोफिशियन्सी चेक द्यावाच लागतो.

या चेकचा बराचसा भाग टेबलावर मावणाऱ्या, एफएएची मान्यता असलेल्या ट्रेनरवर देता येतो. तुमच्या लॅपटॉपवरचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर नुसता तसाच चालत नाही हं!

आता कोणी म्हणेल, ही पळवाट झाली. मला तसं वाटत नाही. का ते सांगतो.

1 जानेवारी 1978. एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग 747 रात्री मुंबईहून दुबईला निघालं आणि दोनेक मिनिटांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. 213 जण गेले, एकही वाचला नाही. विमान सरळ झालं तरी कॅप्टनसमोरचा अॅटिट्यूड इंडिकेटर ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिला. म्हणून कॅप्टनने विमान डावीकडे वळवलं, आणि वळवतच नेलं. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसायचा प्रश्नच नाही.

बंद पडलेलं उपकरण लगेच ओळखू येतं. खोटं बोलणारं उपकरण घात करतं. खऱ्या छोट्या विमानात परीक्षक फार तर उपकरणावर झाकण लावतो, म्हणजे ते गेलंय हे पायलटला आधीच कळतं. सिम्युलेटरमध्ये मात्र तेच उपकरण गुपचूप, हळूहळू चुकवता येतं. मग बघायचं, बाकीच्या उपकरणांशी पडताळून पायलट ते पकडतो का. चुकला तर पॉज दाबायचं, पुन्हा करायचं. आमच्या भाषेत, प्रॉडक्शनला हात न लावता मुद्दाम बिघाड घालून बघणं.

पण एक गोष्ट राहतेच. टेबलावरचा ट्रेनर हलत नाही, त्यामुळे कान फसत नाही. उपकरण खोटं बोलेल, शरीर नाही. प्रत्यक्षात दोन्ही एकदम खोटं बोलू शकतात. सर्कलिंग अप्रोच आणि अप्रोचनंतरचं लँडिंग तर या ट्रेनरवर चालतच नाही. त्यासाठी खरं विमान लागतं, नाहीतर वरच्या दर्जाचा सिम्युलेटर.

म्हणून माझं मत साधं आहे. डोक्याची परीक्षा सिम्युलेटरवर घ्या, जितकी कडक घेता येईल तितकी. पण कानाला ढगाची सवय राहायला हवी असेल, तर अधूनमधून इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून खऱ्या ढगात जायलाच हवं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!