बंद घर आणि वाहतें पाणी

आग लागली तर धूर दिसतो, चोर शिरला तर कुलूप तुटतें. पाण्याच्या गळतीचा मात्र कसलाच गाजावाजा होत नाहीं. ओट्याखालचा एखादा जोड सैल होतो, सेकंदाला एक थेंब पडूं लागतो, आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत बादलीभर पाणी फरशीवर पसरतें. घरांत माणसें असलीं तर कोणाचा तरी पाय ओला होतो व नळ बंद केला जातो. पण घराला कुलूप असेल तर?

रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत हा प्रश्न आतां घरोघरचा झाला आहे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत लोहमार्गानें १०० किलोमीटर, आणि खोपोली त्याच्याहि पुढें १५ किलोमीटर. डोंगर आणि नद्या ह्यांच्या ओढीनें अनेक शहरी कुटुंबांनीं येथें बंगले बांधले आहेत. शनिवारीं दार उघडतें, रविवारीं सायंकाळीं कुलूप लागतें. मधले दिवस घर एकटें असतें. अशा घरांसाठीं गळतीची वर्दी देणारे सेन्सर आतां बाजारांत मिळतात.

त्यांचें तत्त्व शाळकरी मुलालाहि समजण्यासारखें आहे. डबीएवढ्या यंत्राच्या तळाशीं धातूचीं दोन टोकें उघडीं ठेवलेलीं असतात. फरशी कोरडी असतां त्यांच्यामधून वीज वाहत नाहीं. परंतु पाण्यांत क्षार विरघळलेले असल्यामुळें तें दोहोंमध्यें पसरलें कीं विजेचें मंडल पुरें होतें. तो क्षीण प्रवाह ओळखून यंत्र शिटी वाजवितें, आणि घरांतील वायफायच्या द्वारें मालकाच्या मोबाईलवर संदेश धाडतें. तें ठेवावें कोठें? जेथें पाणी प्रथम पोंचेल तेथें: सिंकखालीं, वॉशिंग मशीनच्या मागें, गीझरच्या खालीं. खोलीच्या मध्यभागीं ठेवलेलें यंत्रहि बातमी देईल, पण शिळी.

तथापि बातमी म्हणजे उपाय नव्हे. रात्रीं दोन वाजतां दादरच्या घरांत मोबाईल वाजला, तरी कर्जतचा कॉक कोण फिरविणार? आणि येथील घरांची पाण्याची रचना अशी कीं, उशीर महाग पडतो. विहिरीचें वा बोअरवेलचें पाणी पंप छपरावरच्या टाकींत चढवितो. टाकी रिकामी होऊं लागली कीं आंतला तरंगता गोळा खालीं येतो व पंप आपोआप सुरू होतो. त्यामुळें टाकी १,००० लिटरांची असली तरी गळती १,००० लिटरांवर थांबत नाहीं. पंप इमानेंइतबारें टाकी भरीत राहतो आणि फुटका नळ ती रिती करीत राहतो. म्हणून पाणी तोडणारा व्हॉल्व्ह टाकीच्या खालच्या तोंडाशींच बसवावा. पंपाकडून वर जाणाऱ्या नळालाहि भेग पडूं शकते. तेव्हां त्याच वर्दीसरशीं पंपाची वीजहि तुटेल अशी योजना करावी.

व्हॉल्व्ह निवडतांना दाबाचा विचार हवा. ह्याच खालापूर तालुक्यांत, खोपोलीस, टाटांचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. घाटमाथ्यावरचें पाणी नळांतून ५०० मीटरांहून अधिक खालीं येतें. दर १० मीटर उंचीस सुमारें एक वातावरणाचा दाब धरला तर तेथें तो ५० वातावरणांवर जातो. बंगल्याची टाकी नळाच्या तोंडापेक्षां पांचसहा मीटरच उंच. तेथें दाब अर्ध्या वातावरणाच्या आसपास. सोलेनॉइड जातीचे पुष्कळसे व्हॉल्व्ह पाण्याच्याच दाबाच्या साहाय्यानें उघडझांप करतात. ते इतक्या कमी दाबावर दगा देऊं शकतात. छोट्या मोटरीनें फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हला त्या दाबाची गरज नसते. टाकीच्या पाण्यासाठीं तोच बरा.

दुसरी अडचण पावसाळ्याची. रायगड जिल्ह्यांत वर्षाला सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. खिडकीची झड आंत आली तरी सेन्सर तितक्याच जोरानें ओरडतो. पाणी नळाचें कीं आभाळाचें हें त्याला कळत नाहीं. चारदां ‘लांडगा आला’ झालें कीं पांचव्या वेळीं कोणी लक्ष देत नाहीं. म्हणून यंत्र झडीच्या जागीं ठेवूं नये. वादळांत वीज गेली तर उलटाच प्रकार होतो. सेन्सर बॅटरीवर जागा असतो, पण राउटर बंद पडल्यामुळें त्याचा आवाज मुंबईस पोंचत नाहीं. मोबाईल शांत आहे म्हणून घर कोरडें आहे, असें समजणें धोक्याचें. राउटर आणि व्हॉल्व्ह इन्व्हर्टरवर जोडावे, आणि यंत्राशीं शेवटचा संपर्क केव्हां झाला तें अधूनमधून पाहत जावें. महिन्यांतून एकदां चमचाभर पाणी टाकून त्याची परीक्षाहि घ्यावी.

एवढें करूनहि शेवटीं गांठ माणसाशींच असते. बंगल्याची किल्ली बहुधा शेजारच्या वाडींतील एखाद्या रखवालदाराकडे असते. मध्यरात्रीं फोन जातो तो त्याला, आणि नुकसान झालें तर पहिला बोलहि त्यालाच. पण टाकीचा कॉक कोणता, विजेचा मुख्य स्विच कोठें, हें त्याला कधीं दाखविलेलें असतें काय? भिजलेल्या खोलींत शिरण्यापूर्वीं, कोरड्या जागीं उभें राहून मुख्य स्विच बंद करावयाचा, आणि तो ओल्यांत असेल तर आंत पाऊलच टाकावयाचें नाहीं, हें त्याला स्पष्ट सांगितलें पाहिजे. परक्याचें सामान वाचवितांना त्याच्या जिवावर बेतेल असें कोणतेंहि काम त्याच्यावर टाकूं नये.

आणि ज्यांना यंत्र घेणें परवडत नाहीं त्यांनींहि हताश होऊं नये. निघतांना टाकीखालचा कॉक हातानें फिरवावा, पंपाचा स्विच बंद करावा, मग कुलूप लावावें. ह्या उपायास पैसा लागत नाहीं. कर्जतच्या डोंगराळ भागांतील आदिवासी वाड्यांवर एवढा पाऊस पडूनहि चैत्र-वैशाखांत बायकांना डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठीं पायपीट करावी लागते. त्याच भूमीच्या पोटांतलें पाणी एखाद्या बंद बंगल्याच्या फरशीवर रात्रभर वाहून जावें, हें नुकसान केवळ त्या बंगल्याच्या मालकाचें नाहीं.