ठेवा शोधणाऱ्याच्या हाती काय असावे?

2000 सालच्या मे महिन्याच्या 1 तारखेला अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक घोषणा केली. अमेरिकन सैन्याच्या जीपीएस उपग्रहांवरून येणाऱ्या संकेतांत नागरिकांसाठी जी चूक मुद्दाम मिसळली जात असे, ती त्या रात्रीपासून बंद होणार होती. तोपर्यंत सामान्य माणसाच्या हातातील यंत्राने दाखविलेले ठिकाण शंभर मीटरांपर्यंत इकडे-तिकडे असू शके. दुसऱ्या दिवशी पाहावे तो तेच यंत्र दहा-वीस मीटरांच्या आत स्थान सांगू लागले. या सुधारणेची परीक्षा पाहण्याची कल्पना ओरेगॉन राज्यातील डेव्ह उल्मर या संगणकतज्ज्ञाला सुचली. 3 मे रोजी त्याने बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली, तीत पुस्तके, एक गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा बंद डबा आणि वही-पेन्सिल घातली, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकले. काही घ्यावे, काही ठेवावे, वहीत नोंद करावी, एवढाच नियम. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधून काढली. या छंदाला पुढे जिओकॅशिंग हे नाव पडले. आज जगभर अशा ठेव्यांची संख्या तीस लाखांच्या वर आहे. भारतात ते तुरळकच. तथापि ज्यांची मुले-नातवंडे परदेशी आहेत, त्यांच्या कानावर हा शब्द एव्हाना आलेला असावयास हरकत नाही.

उल्मरच्या काळी शोधकापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. हातात धरावयाचे जीपीएस यंत्र असेल त्यानेच रानात जावे. आता प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे आणि त्याच्या पोटात तोच संकेत ऐकणारा तुकडा बसविलेला आहे. मग पदरमोड करून वेगळे यंत्र घ्यावयाचे ते कशासाठी?

अचूकतेसाठी, असे उत्तर बहुतेक जण देतात, आणि ते आता जुने झालेले आहे. मोकळ्या आभाळाखाली मोबाइल सुमारे 5 मीटरांच्या आत स्थान दाखवितो, असे अमेरिकन सरकारच सांगते. वेगळे यंत्रही तेथे फार निराळे काही करीत नाही. शिवाय ठेव्याचा पत्ता अंश आणि मिनिटांच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेला असतो, व अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवरचे 1.85 मीटर. ज्याने ठेवा लपविला त्याचे यंत्र पाच मीटर पूर्वेला चुकले आणि शोधणाऱ्याचे पाच मीटर पश्चिमेला, तर मध्ये दहा मीटरांचे अंतर पडले; मग हातातले यंत्र कितीही महाग असो. फरक पडतो तो गर्द झाडीत आणि दरीच्या कड्याखाली. उपग्रह वीस हजार किलोमीटरांवर, त्यांचा आवाज आधीच क्षीण. तो पानांनी दबतो, खडकावर आपटून उलटा येतो. काही यंत्रांच्या माथ्यावर बोटभर खुंटीसारखा अँटेना असतो, तो मोबाइलच्या कडेला दडविलेल्या पट्टीपेक्षा अशा जागी अधिक निष्ठेने काम करतो. काही नव्या मोबाइलांनी दोन निरनिराळ्या लहरींवरचे संकेत ऐकण्याची सोय करून हेही अंतर कमी केले आहे.

दुसरी समजूत याच्या उलट टोकाची. रेंज गेली की मोबाइलचे जीपीएस बंद पडते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. उपग्रहाचा संकेत थेट आकाशातून येतो, टॉवरशी त्याला कर्तव्य नाही. उपग्रह आपल्या भ्रमणाची माहिती सेकंदाला 50 बिट इतक्या गोगलगाईच्या गतीने पाठवितो आणि ती पुरी उतरून घेण्यास निदान अर्धे मिनिट जाते. मोबाइल तीच माहिती टॉवरकडून चुटकीसरशी मागवून घेतो. रेंज नसेल तर त्याला थोडे थांबावे लागते, इतकेच. नकाशा मात्र घरूनच उतरवून नेलेला असला पाहिजे. नाहीतर पडद्यावर कोऱ्या पाटीवर निळा ठिपका तेवढा दिसतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे. मोबाइल हा रानात केवळ वाटाड्या नसतो, संकटात हाक मारण्याचे साधनही तोच असतो. ठेवा शोधताना पडदा सतत उजळ ठेवावा लागतो. उन्हात तो दिसावा म्हणून आणखी उजळ करावा लागतो. रेंज विरळ असली की दूरच्या टॉवरशी संबंध राखण्यासाठी मोबाइल जास्त शक्ती खर्च करतो. सकाळी भरलेली बॅटरी अशा स्थितीत दुपार कलता-कलता तळाला जाते. नेमका त्याच वेळी ओल्या दगडावरून पाय घसरून घोटा मुरगळला, अंधार पडू लागला, तर 112 हा आकडा फिरविण्यापुरताही जीव त्यात उरत नाही. सारे ओझे एकाच खुंटीवर टांगण्याचा हा परिणाम. पॉवर बँक नेली की भागले, असे तरुण मंडळी म्हणतात. बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु पावसात चार्जिंगच्या भोकात पाणी शिरले की पुष्कळ मोबाइल ते सुकेपर्यंत वीज घेण्याचेच नाकारतात.

पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र दोन सेलांवर वीस-पंचवीस तास टिकते, आणि जादा दोन सेल खिशात जड होत नाहीत. खेड्यातल्या टपरीवरही मिळतात. नव्या महाग नमुन्यांत बॅटरी आतच बसविलेली असते, हे विकत घेणाऱ्याने पाहून घ्यावे. या यंत्राचा पडदा उन्हातच अधिक स्पष्ट दिसतो. त्याची बटणे ओल्या बोटांनी, हातमोज्यांतूनही दाबता येतात. मोबाइलच्या काचेवर पावसाचे थेंब पडू लागले की बोट एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे पळतो, हा अनुभव आपल्याकडच्या आषाढात कोणालाही घेता येईल.

या यंत्राचे दोषही लहान नाहीत. ठेव्यांची माहिती बहुधा घरी संगणकावरून आधी भरून न्यावी लागते. मागच्या चार शोधकांना ठेवा सापडलाच नाही, ही बातमी मोबाइलवर तत्काळ कळते. यंत्र घेऊन निघालेला गृहस्थ ठाऊक नसल्याने दोन तास झुडपे चाळीत बसतो. म्हणून शहरात, बागेत, रस्त्यालगतच्या ठेव्यांसाठी वेगळे यंत्र घेणे म्हणजे हौसेचा खर्च होय. नवख्याने पहिले वर्ष मोबाइलवरच काढावे. जो दिवसदिवस डोंगरात जाणार, त्याने मात्र यंत्र अवश्य घ्यावे, आणि मोबाइल बंद करून कोरड्या पिशवीत तळाशी ठेवावा.

यंत्र परदेशातून मागविणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काही नमुन्यांत उपग्रहामार्फत संदेश पाठविण्याची सोय एकत्र केलेली असते. संकटात ती जीव वाचविते खरी; परंतु असे संदेशयंत्र भारतात परवान्यावाचून बाळगणे बेकायदेशीर आहे. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला याच कारणावरून अडविण्यात आले होते. नुसते ऐकणारे यंत्र वेगळे आणि बोलणारे वेगळे, हे खोक्यावरचा मजकूर वाचून ठरवावे.

हाती काहीही असो, ठेवा दहा पावलांवर आला की बाण गरगरू लागतो. स्थिर उभ्या माणसाची दिशा उपग्रहाला कळत नाही. आतले होकायंत्र मोबाइलच्या लोहचुंबकी वेष्टनाने बहकते, हे तर कित्येकांच्या गावीही नसते. तेथे यंत्र खिशात टाकावे आणि डोळे उघडावे. उगाच रचलेले दगड, बुंध्याच्या ढोलीशी झिजलेली साल, कुंपणाच्या खांबावरची नको तितकी नवी टोपी. काही ठेवे बोटाच्या पेराएवढे असतात. त्यांतली कागदाची सुरळी उलगडून नाव लिहावयास पेन्सिल मात्र घरूनच न्यावी लागते.