विचारायला लाजू नका



मी डॉक्टर नव्हे. ठेच लागलेली एक बाई म्हणून बोलते. २०१९ साली लेकीच्या लग्नाआधी महिनाभर मी एका ब्यूटी पार्लरमध्ये 'केमिकल पील' करून घेतले. पंधरवड्यात गालांवर काळे डाग उमटले. लग्नाच्या फोटोंत मी मान वळवूनच उभी आहे! पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, की आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला इजा झाली की ती सहज काळवंडते आणि डाग जायला महिनेच्या महिने लागतात.

म्हणून आधी विचारा. उपचार करणाऱ्याची डॉक्टर म्हणून नोंदणी आहे काय? बोटॉक्सचा परिणाम ३-४ महिनेच टिकतो. तो खर्च पुनःपुन्हा झेपेल काय? गाल-ओठ भरण्याचे फिलर रक्तवाहिनीत गेले, तर क्वचित दृष्टीही जाते. हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर असेल, तर ते विरघळविणारे औषध तिथे हाताशी आहे काय?

नटण्यात पाप नाही. परंतु साडी घेताना पदर उलगडून पाहणारी मी, चेहरा दुसऱ्याच्या हाती देताना एक प्रश्नही विचारला नव्हता. तुम्ही विचारा, एवढीच विनंती.