वाडीचं पाणी, वाडीची सावली



घराभोवतीच्या जागेत जंगलासारखी बाग लावायची, आणि एकदा उभी राहिली की तिनं वर्षानुवर्षं खायला घालायचं, अशा बागेविषयी अलीकडे पुष्कळ बोललं जातं. इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यात रॉबर्ट हार्ट यांनी तशी बाग केली, तिचे सात थर मांडून दाखवले. त्यांच्या डोळ्यांसमोर एक नमुना होता तो केरळातल्या परसबागांचा. हार्ट यांच्याविषयी मला आदर आहे. पण विरारहून आगाशीला जाणाऱ्या माणसाला इतक्या लांब पाहायची गरज नाही. निर्मळ, गास, नंदाखाल, वाघोली, आगाशी, अर्नाळा या वसईच्या पट्ट्यात जी वाडी अजून शिल्लक आहे, तिच्यात शिरावं आणि मान वर करून पाहावं.

सगळ्यात वर नारळाच्या झावळ्या. त्याखाली सुपारी. तिच्याखाली केळी, पपई, कढीलिंब. पायाशी अळू आणि हळद, जमिनीच्या पोटात सुरण आणि कोनफळ. शिवाय कुणाच्या ना कुणाच्या अंगावर चढलेली पानवेल, मिरी, तोंडली. इथलं कुठलंच झाड एकटं लावलेलं नसतं, आणि हा शेजार ठरवलेला असतो. सुपारीचं कोवळं रोप घ्या. दुपारनंतरचं नैर्ऋत्येचं ऊन त्याला सोसत नाही. खोडाची साल भाजते आणि पुढे तिथंच चीर जाते. म्हणून आधी केळ लावायची आणि तिच्या सावलीत सुपारी वाढवायची. पानवेलीला आधार द्यायचा तो पांगाऱ्याचा किंवा शेवरीचा. ही दोन्ही शेंगवर्गातली झाडं, मुळांतल्या गाठींतून जमिनीला नत्र देणारी. त्यांचा पाला छाटून वेलीच्याच बुडाशी टाकायचा. केळीचा घड उतरला की तिचं खोड कापून, तुकडे करून तिथंच पसरायचं. तिचे मुनवे तोवर वर आलेलेच असतात.

नारळाचं गणित तर फारच सुंदर आहे. दोन नारळांमध्ये साधारण 25 फूट अंतर ठेवतात, पण त्याची कामाची मुळं बहुतेक बुंध्यापासून 6-7 फुटांच्या आतच असतात. मधली सगळी जमीन दुसऱ्यांसाठी मोकळी. पहिली सात-आठ वर्षं खाली भरपूर ऊन असतं, तेव्हा केळी आणि पपई जोरात येतात. पुढे वीस-पंचवीस वर्षांपर्यंत सावली दाट होते. त्या काळात अळू, हळद, आलं यांवर भर द्यावा. नंतर झाड उंच जातं, तिरकं ऊन पुन्हा जमिनीवर उतरतं आणि खालची बाग दुसऱ्यांदा तरुण होते. ज्यांनी आजोबांच्या हातचे नारळ पाहिलेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

या वाडीतूनच आगाशीची सुकेळी आली. राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. साखर नाही, काही नाही. फळाची स्वतःची गोडी.

आता ज्यावाचून हे काहीच उभं राहत नाही, त्या पाण्याकडे वळू.

समुद्रकाठच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते हलकं असतं. विहिरीतली पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा 1 फूट वर असेल, तर खाली साधारण 40 फुटांपर्यंत गोडं पाणी असतं, असं भूजलशास्त्र सांगतं. याची उलटी बाजू भयंकर आहे. उपसा करून ती पातळी 1 फूट खाली नेली, तर तळातलं खारं पाणी हळूहळू 40 फूट वर सरकू पाहतं. बैलाच्या रहाटाची गाडगी जेवढं पाणी उचलत, तेवढं विहीर भरून काढू शकत असे. इंजिनं आली, विजेचे पंप आले आणि तो तोल गेला. नारळ थोडा खारेपणा सोसतो. केळ आणि पानवेल सोसत नाहीत. म्हणून पाणी बिघडलं की वाडीचे मधले थर आधी गळतात आणि वर नुसते नारळ उरतात.

आपल्या जुन्या माणसांनी यावर केलेला उपाय म्हणजे बावखल. वाडीत किंवा वाडीच्या कडेला खणलेलं हे उथळ, पसरट तळं. पावसाचं पाणी त्यात थांबतं, वाळूत झिरपतं, शेजारच्या विहिरीला उभारी देतं आणि खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरतं. यातली कितीतरी बावखलं भराव टाकून बुजवली गेली, वर इमारती उभ्या राहिल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथल्या विहिरींचं पाणी टँकरनं उपसलं जात होतं, त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. पुढे 2020 साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तो मान मोठाच, पण माझ्या लेखी पाण्यासाठी उठवलेला त्यांचा आवाज त्याहून मोठा आहे. काही गावांत लोकांनी पुन्हा बावखलं उपसून साफ केली आहेत. ते पाहिलं की मला मनापासून आनंद होतो.

पाणी जपून बाग वाढवण्याचा आणखी एक धडा जवळच आहे. आपल्या पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडली की लगेच, गुजरातेत, उंबरगावजवळ देहरी हे गाव आहे. तिथं भास्कर सावे (1922-2015) यांनी नांगर आणि रासायनिक खत सोडून चिकू-नारळाची बाग वाढवली. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते, जपानचे मासानोबू फुकुओका ती पाहायला आले आणि भारावून गेले. सावे सांगत, झाडाला पाणी नको, ओलावा हवा. झाडं उंच वाफ्यावर लावायची आणि पाणी बुंध्याशी न देता दूरच्या चरात सोडायचं. मुळं ओलाव्याच्या शोधात आपण होऊन पसरतात. नवी बाग लावताना अल्पजीवी, मध्यजीवी आणि दीर्घजीवी अशी तिन्ही आयुष्यांची रोपं ते एकाच वेळी लावायला सांगत, म्हणजे मोठी झाडं फळावर येईपर्यंत जमीनही झाकलेली राहते आणि घरही खात राहतं.

घरी सुरुवात कशी करायची? आधी छपराचा हिशोब करा. आपल्याकडे वर्षाला 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. 500 चौरस फुटांच्या छपरावरून 90 हजार लिटरच्या आसपास पाणी वाहून जातं. ते गटारात सोडू नका. कोपऱ्यात खड्डा खणून त्यात वळवा आणि त्याच्या काठाला केळी आणि अळू लावा. मोरीचं पाणी साबणाचं फार नसेल, तर तेही तिकडेच जाऊ द्या. एक गुंठा जागा असेल, तर नारळ दोनच, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. मध्ये केळीच्या आडोशानं सात-आठ सुपाऱ्या. नारळाची सोडणं फेकू नका, आळ्यात पुरा, ती ओल धरतात. जागा म्हणून सोसायटीच्या कुंपणालगतची तीन फुटांची पट्टीच असेल, तर शेवगा, कढीलिंब, तोंडलीचा वेल आणि खाली हळद एवढं सहज होतं. फक्त तिथं फरशी घालू देऊ नका. त्यासाठी सभेत भांडावं लागलं तर जरूर भांडा.

पांगाऱ्याच्या फांद्या मे महिन्यात रोवा, लगेच फुटतात. सुरणाचे गड्डे पावसाच्या तोंडावर, केळीचे मुनवे पहिला पाऊस मुरल्यावर. नारळ घ्यायचा तो आपला बाणवली. सहा-सात वर्षांनी धरेल, पण पुढे 80 वर्षांपर्यंत जगेल. रोप वर्षभराचं निवडा, आखूड आणि जाड बुंध्याचं, निदान सहा पानं असलेलं. उंच, किडकिडीत रोप स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.